पगार तुझा, माणसं आपली

पोरी, नोकरी लागली, पहिला पगार झाला, देवापुढे पेढे ठेवून झाले, आजीला साडीही झाली. आता जरा निवांत बस आणि आत्याचं ऐक. बँकेच्या काउंटरमागे माझा जन्म गेला. पैसा कसा मिळवावा हे तिथे फारसं शिकायला मिळालं नाही, पण घरातल्या घरात तो कसा सुटत जातो आणि त्यापायी भाऊ भावाशी बोलेनासा कसा होतो, हे मात्र फार जवळून पाहिलं. तुझा बाबा माझा पाठचा भाऊ, तुझी आई माझी वहिनी. त्यांच्याविरुद्ध तुझे कान भरायला मी बसलेली नाही. घरच्यांना तू द्यावंस असंच मला वाटतं. फक्त किती, कधी आणि कुणाच्या हातात, हे तू ठरवावंस आणि मागणारा यायच्या आधी ठरवावंस.

१. पगार झाल्या दिवशीच तीन वाटे कर – एक घरी पाठवायचा, एक साठवायचा आणि राहिलेला खर्चायचा, याच क्रमाने. महिनाअखेरीला उरेल ते साठवू म्हणणाऱ्याकडे महिनाअखेरीला काही उरत नाही गं.

२. घरी जाणारी रक्कम ठरलेली असू दे, तारीखही ठरलेली असू दे, आणि ती बँकेला सूचना देऊन आपोआप जाऊ दे – मागून मिळालेल्या दहा हजारांपेक्षा न मागता आलेल्या सात हजारांनी बापाची मान ताठ राहते. न मागता वाढलेली भाकरी अर्धी असली तरी पोट भरते.

३. त्या रकमेतला एक हिस्सा थेट आईच्या खात्यात टाक – बाबाच्या खात्यात गेलेले पैसे तिला पुन्हा मागावेच लागतात. चपला घ्यायच्या म्हटलं तरी 'जरा पैसे हवे होते' असं दारात उभं राहून म्हणणारी वहिनी मी वर्षानुवर्षं पाहिली आहे. ते आता तुझ्या हातून थांबू दे.

४. पगाराचा खरा आकडा आई-बाबांना सांग, बाकी कुणाला नको – आकडा कळला की जो तो मनातल्या मनात त्याची वाटणी करून मोकळा होतो. कुणी खोदून विचारलंच तर 'भागतं माझं छान' एवढं पुरे, आणि हसून विषय पाऊसपाण्यावर ने.

५. पगाराचं खातं एकटीच्या नावाचं ठेव. घरखर्चासाठी बाबाबरोबर संयुक्त खातं हवं असेल तर ते वेगळं उघड आणि त्यात लागेल तेवढंच टाक – 'दोघांपैकी कोणीही' अशी सूचना असलेल्या खात्यातून कोणीही सगळी रक्कम काढू शकतो, आणि बँक त्याला अडवत नाही.

६. कार्डाचा पिन आणि मोबाइलवर आलेला ओटीपी धाकट्या भावालाही सांगायचा नाही. तो चोर आहे म्हणून नव्हे – तोच ओटीपी तो भोळेपणी आणखी कुणाला वाचून दाखवील म्हणून. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, हे त्याला आणि आजीला दोघांनाही पाठ करून घ्यायला लाव. फसगत झालीच तर रडत बसायच्या आधी १९३० हा क्रमांक लाव – पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची आशा असते.

७. सहा महिन्यांचा खर्च, हप्ते आणि घरी पाठवायची रक्कम धरून, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा वेगळ्या ठेवीत जमव – नोकरी गेली तरी आईच्या खात्यातला हिस्सा थांबू नये, आणि वरिष्ठ नकोसा झाला तर तोंड मिटून सोसावं लागू नये. हे जमेपर्यंत नवा फोन नाही, बरं का. जुना चांगला चालतोय, मी पाहिलाय.

८. पीपीएफचं खातं आत्ताच उघड, पाचशे रुपयांनी का होईना – पंधरा वर्षांची मुदत खातं उघडलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजतात, म्हणून लवकर उघडणाऱ्याचा फायदा. वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात. जे भरशील ते महिन्याच्या पाच तारखेच्या आत भर – व्याज पाच तारीख ते महिनाअखेर यांमधल्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात, सहा तारखेला भरलेल्याला त्या महिन्याचं व्याज नाही. शिवाय ही रक्कम पहिली काही वर्षं सहजी हलत नाही, त्यामुळे कुणी मागितलं तर 'गुंतलेत' हे खरं उत्तर देता येतं.

९. क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भर, 'किमान रक्कम' हा रकाना वाचूसुद्धा नकोस – उरलेल्या रकमेवर महिन्याला साधारण तीन ते पावणेचार टक्के लागतात, म्हणजे वर्षाला चाळिसाच्या घरात. गावच्या सावकाराला आपण नावं ठेवतो, आणि हे खिशात घेऊन फिरतो. तुझ्या कार्डावर घरच्या कुणासाठी जोडकार्ड काढू नको – खरेदी त्यांची, फेड तुझी.

आता मुख्य गोष्टीकडे येते. मागणाऱ्यांकडे.

फोन बहुतेक रात्री जेवणं झाल्यावर येतो. आधी तब्येतीची चौकशी, मग पाऊस, मग 'तुझंच कौतुक चाललं होतं घरात', आणि मग आवाज जरा खाली येतो. धाकट्याची ॲडमिशन आहे, पोरीचं लग्न ठरतंय, बोअरला पाणी लागलं नाही. मागणारा लबाड असतो असं मुळीच नाही. बहुतेक वेळा अडचण खरीच असते, म्हणून तर नाही म्हणणं जड जातं. त्या क्षणी हो म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. तेवढा एक क्षण सांभाळ.

१०. पैशाच्या मागणीला फोनवर हो नाही आणि नाहीही नाही. 'काका, हिशेब बघते आणि रविवारी मीच फोन करते' एवढंच बोल, आणि रविवारी खरंच कर – एक रात्र मधे गेली की भीड उतरते आणि आपल्याकडे किती आहेत ते दिसायला लागतं. आणि तूच फोन केलास की समोरच्याला पुन्हा तोंड वेंगाडावं लागत नाही.

११. 'माझ्याकडे पैसेच नाहीत' असं खोटं सांगू नको. 'यासाठी मला जमणार नाही' असं खरं सांग – महिनाभरात तू मैत्रिणींबरोबर कोकणात गेलीस आणि फोटो टाकलेस की खोटं उघडं पडतं, आणि मग नकारापेक्षा त्या खोट्याचा राग धरतात.

१२. नकाराला कारणांची माळ लावू नको. एक वाक्य, मग गप्प – प्रत्येक कारणाला समोरच्याकडे तोड असते. 'हप्ता आहे' म्हटलंस की 'पुढच्या महिन्यात दे' येतं, 'एफडीत आहेत' म्हटलंस की 'मोड ना' येतं. गप्प राहणं तुला जड जाईल, लहानपणापासून तुझ्या तोंडाला कुलूप कसलं ते नाही.

१३. दोन लाख मागितले आणि तुझी ऐपत पंधरा हजारांची असेल तर पंधराच दे, आणि देतानाच म्हण, 'हे परत नकोत' – परत न मागायचे पैसे दिले की नातं मोकळं राहतं, आणि पुढच्या खेपेला तुझी मर्यादा सगळ्यांना ठाऊक असते. वर्षाकाठी अशा कामांसाठी एक रक्कम बाजूला काढूनच ठेव. ती संपली की त्या वर्षापुरतं खातं बंद.

१४. नाही म्हणायचं तर लवकर म्हण. 'बघू, बघू' करत लग्नाच्या आठवड्यात नाही म्हणणं म्हणजे त्या माणसाला दुसरीकडे हात पसरायलाही वेळ न देणं – आधीचा नकार चटका देतो, उशिराचा नकार चट्टा ठेवतो.

१५. पैशाचं बोलणं घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही नको, आणि आईमार्फत निरोप पाठवून तर मुळीच नको – दोन माणसांतली गोष्ट बारा जणांत गेली की पैसा बाजूला राहतो आणि मानापमान सुरू होतात. आणि मधे सापडते ती तुझी आई. दोन्हीकडून तिलाच ऐकावं लागतं.

१६. बाबा मागेल तेव्हा हे सगळे नियम थोडे सैल कर, पण एक प्रश्न नक्की विचार: 'कशासाठी, आणि आणखी कुठे किती देणं आहे?' – बाप लेकीला पूर्ण आकडा सांगत नाही, निम्मा सांगतो. पूर्ण आकडा कागदावर आल्याशिवाय पैसे पाठवणं म्हणजे एक भोक बुजवून दुसरं मोठं करणं. तो चिडेल. चिडू दे. माझा भाऊ आहे, त्याचा राग संध्याकाळच्या चहापर्यंत टिकतो.

१७. खता-बियाण्याला पैसे लागले म्हणून तू वैयक्तिक कर्ज काढून पाठवायच्या आधी विचार, की विकास सोसायटीचं पीक कर्ज घेतलंय का आणि जुनं मुदतीत फेडलंय का – मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज आपल्या राज्यात बिनव्याजी पडतं, आणि तुझ्या वैयक्तिक कर्जाला दहा-बारा टक्क्यांच्या वरच व्याज. मुदत चुकू नये म्हणून वर्षातून एकदा महिनाभरासाठी तू हात दिलास, तर तीच खरी मदत.

१८. आजी सत्तरीपुढची आहे, तिचं आयुष्मान कार्ड काढलंय का बघ – २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरी गाठलेल्या सगळ्यांना, उत्पन्न काही का असेना, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचाराची सोय झाली आहे. आई-बाबांचा आरोग्य विमा मात्र कंपनीच्या भरवशावर सोडू नको, आपला वेगळा काढ – कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो, आणि साठीच्या माणसाला नव्याने विमा देताना कंपन्या दहा प्रश्न विचारतात.

हातउसन्याचं थोडं वेगळं आहे. कधीतरी परतीच्या बोलीवर द्यावेच लागतात, आणि परत येतील अशी माणसंही असतात. पण उधारीची आठवण देणाऱ्याला रोज येते आणि घेणाऱ्याला दिवाळीला, म्हणून थोडी लिखापढी.

१९. उसने द्यायचे तर बँकेतून दे आणि त्याच दिवशी साधा निरोप पाठव: 'मावशी, आज ४० हजार पाठवले, मार्चपर्यंत परत द्यायचं ठरलंय' – हा निरोप भांडणासाठी नव्हे, दोघींनाही नंतर एकच आकडा आठवावा म्हणून. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि दंड घेणाऱ्याला बसतो, हेही प्रेमाने सांग.

२०. उसन्या पैशांची कोर्टातली मुदत तीन वर्षांची असते. म्हणून ती संपायच्या आत अधूनमधून थोडी रक्कम, दिल्याची नोंद त्यांच्या सहीनिशी ठेवून, परत घेत जा, किंवा 'एवढे देणं बाकी आहे' असं त्यांच्याकडून सहीनिशी लिहून घे – त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. तू कोर्टात जाणार नाहीस, मला ठाऊक आहे. पण दर सहा महिन्यांनी दोन हजार परत येणारी उधारी जिवंत राहते, आणि न बोललेली आपोआप मरते.

२१. चुलत, आते, मामे, मावस भावंडं आपल्याला सख्ख्यांसारखी, पण आयकराच्या व्याख्येत ती 'नातलग' नाहीत – वर्षात पन्नास हजारांवर भेट दिलीस तर ती सगळी त्यांच्या उत्पन्नात धरली जाते. त्यांच्या लग्नातल्या आहेराला ही अडचण नाही. सख्ख्या भावंडांत दिल्या-घेतल्याला कर नाही. काका, मामा, आत्या, मावशी यांनी तुला दिलेल्या भेटीलाही नाही, पण तू त्यांना दिलेल्या भेटीला मात्र पन्नास हजारांचीच मर्यादा.

२२. आता सर्वांत महत्त्वाचं. जामीनदार म्हणून सही नाही. कुणालाही नाही, भावालाही नाही.

हे एका वाक्यात सांगून भागणार नाही. एकदा एक निवृत्त शिक्षक नोटीस घेऊन काउंटरवर आले. पांढरा स्वच्छ सदरा, खिशाला दोन पेनं. पुतण्याने ट्रॅक्टरचं कर्ज घेतलेलं, जामीनदार हे, आणि पुतण्याने हप्ते थांबवलेले. 'मी फक्त सही केली होती हो, एक रुपया घेतला नाही,' असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. साहेबांनी करारनामा पुढे केला. त्यांनी चष्मा पुसला, पान डोळ्याजवळ नेलं आणि सहीवर बोट ठेवून बराच वेळ बसले. सही सुरेख होती, शिक्षकाची. १८७२च्या करार कायद्याच्या १२८व्या कलमात जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच धरली आहे. 'आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या' असं बँकेला सांगायची सोय त्यात नाही. सहीला शाई थेंबभर, फेडायला घाम हंडाभर.

२३. कुणी अगदी गळ घातलीच तर म्हण, 'जामीन राहण्यापेक्षा मी दहा हजार देते, परत नकोत' – दहा हजारांत संपणारं नुकसान पाच लाखांपर्यंत वाढू शकत नाही.

२४. भावाच्या दुचाकीसाठी तुझ्या नावावर कर्ज, काकाच्या फ्रिजचा हप्ता तुझ्या कार्डावर, यालाही नाही – त्याचा हप्ता चुकला की डाग तुझ्या सिबिलवर पडतो, आणि उद्या तू घर घ्यायला गेलीस की तो डाग पुढे येतो. हा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो, आणि वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मागवता येतो. वाढदिवसाला मागवत जा. तुझ्या नावावर तुला माहीत नसलेलं कर्ज तर नाही ना, तेही त्यात कळतं.

२५. गावाकडचं घर नव्याने बांधायचा विषय निघेल, आणि हप्ता तू भरावास असं सगळ्यांच्या मनात असेल. आनंदाने भर, पण वीट लागायच्या आधी उतारा पाहा – गावठाणातल्या जागेला ग्रामपंचायतीचा नमुना आठ, शहरात प्रॉपर्टी कार्ड, शेतात सात-बारा. आपल्या घराच्या उताऱ्यावर मला वाटतं अजून तिन्ही भावांची नावं आहेत. वाटणीपत्र नोंदवलेलं नसताना त्या जागेवर बांधलेल्या मजल्यात उद्या तिघेही वाटा मागतील, आणि हप्त्याच्या पावत्या दाखवत तू सगळ्यांत वाईट ठरशील. आधी वाटणी नोंदव, तुझं नाव कुठे लागतंय ते बाबाशी बोल, मग गवंड्याला बोलाव. ज्याचं नाव कागदावर, त्याचीच वीट भिंतीवर.

२६. कधीतरी एखादी भाऊबीज येईल आणि फराळाच्या ताटाबरोबर हक्कसोडपत्र पुढे येईल. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, २००५च्या दुरुस्तीने तो देशभर झाला आणि २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचाच असल्याचं स्पष्ट केलं. भावावर माया म्हणून हक्क सोडायचा असेल तर जरूर सोड, ती तुझी मर्जी. पण कागद घरी आण, वाच, वकिलाला दाखव, आणि मग – नोंदवलेलं हक्कसोडपत्र नंतर फिरवणं फार कठीण. सणाच्या दिवशी, घाईत, 'तहसीलला गाडी उभी आहे' असं कुणी म्हणत असेल तर त्या दिवशी सही नाहीच.

२७. पहिल्या पगाराचा वास विमा एजंट असलेल्या नातलगाला सर्वांत आधी येतो. चहा पाज, पुस्तिका घेऊन ठेव, प्रस्तावावर सही करू नको – 'वीस वर्षं भर, मग एवढे मिळतील' या हिशेबात विमाही तोकडा आणि परतावाही तोकडा. तुझ्यावर कुणी अवलंबून असेल तर साधा मुदतीचा विमा घे. भिडेपायी घेतलीच असशील तर पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. त्या तीस दिवसांत भीड मोडली तर वीस वर्षांची सुटका.

२८. भावकीतलं कुणीतरी पतसंस्थेचं चेअरमन असतंच, आणि 'बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देतो, ठेव आपल्याकडेच ठेव' म्हणतंच. नम्रपणे नाही म्हण – बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, दर ठेवीदारामागे दर बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. बँकेतही एका ठिकाणी पाच लाखांच्या आतच ठेव. २०१९च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती, आणि विम्याची मर्यादा त्या वेळी एकच लाख होती. ती पाच लाख झाली पुढच्या फेब्रुवारीत. त्या दिवसांत मुंबईत बँकेच्या दाराबाहेर उभी असलेली म्हातारी माणसं आठव, म्हणजे दोन टक्क्यांचा मोह होणार नाही.

२९. मैत्रिणींबरोबर भिशी लावायची तर तेवढीच लाव जेवढी बुडाली तर मैत्री बुडणार नाही.

३०. नोकरी बदललीस की पीएफ काढू नको, नव्या खात्यात वळव – काढलेला पीएफ घरात कळतो, आणि कळलेला पैसा उरत नाही.

३१. सोनं घेशील ते हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक पाहून आणि बिल तुझ्या नावाने घे. लग्नात घातलेले दागिने तुझं स्त्रीधन, त्यांची यादी आणि फोटो तुझ्यापाशी. लग्नाच्या खर्चाचा आकडाही तूच बाबाबरोबर बसून आधी ठरव आणि त्यासाठी कर्ज काढू देऊ नको. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही १९६१पासून गुन्हा आहे. मानपान, गाडी, 'मुलाला सेटल करायला' अशी नावं बदलून तो आला तरी तो हुंडाच.

३२. जोडीदाराला लग्नाआधीच सांग की तू आई-बाबांना दरमहा अमुक रक्कम पाठवतेस आणि लग्नानंतरही पाठवणार – आधी सांगितलेली गोष्ट रीत होते, नंतर कळलेली गोष्ट लपवाछपवी होते. त्याच्या आई-वडिलांचंही तसंच विचार. दोन्ही घरांना एकाच दिवशी पैसे जाऊ देत.

३३. प्रत्येक खातं, ठेव, पीएफ, म्युच्युअल फंड, विमा, सगळीकडे नॉमिनी लाव, आणि लग्न झालं, मूल झालं की पुन्हा एकदा तपास. हा मुद्दा तू सोडून देशील असं मला वाटतं, म्हणून थोडं लांबवते.

एक पोर आली होती आमच्याकडे, तुझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. नवरा अपघातात गेलेला. दुधाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली ठेवपावती तिने काढली. ठेव नवऱ्याने लग्नाआधी केलेली, नॉमिनी त्याचा धाकटा भाऊ. लग्नानंतर नाव बदलायचं राहून गेलं. दीर वाईट नव्हता, पण तोवर त्या घरात वाद पेटला होता. बँक पैसे नॉमिनीच्या हाती देऊन मोकळी होते. नॉमिनी त्या पैशांचा मालक नसतो, वारसांसाठी सांभाळणारा असतो. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८३मध्ये आणि शेअर्सबाबत २०२३मध्ये हेच सांगितलं. पण हे वारसांनी त्याच्याकडून मिळवायचं, आणि न दिल्यास कोर्टात जाऊन मिळवायचं. तिच्या कडेवर मूल होतं. एका फॉर्मवरची एक ओळ वेळेवर बदलली असती तर तिला कुणापुढे उभं राहावं लागलं नसतं. विम्यात आता एवढं बरं झालंय, की २०१५च्या बदलानंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं यांना नॉमिनी केलं तर ती रक्कम सहसा त्यांचीच ठरते. आणि बँकेच्या खात्याला २०२५च्या नोव्हेंबरपासून चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचा टक्का लिहून. आई-बाबांना काय ठेवायचं हे तूच त्यात लिहू शकतेस.

३४. सगळ्या खात्यांची यादी एका वहीत लिही. बँक, शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे, नॉमिनी, एवढंच. पिन आणि पासवर्ड त्यात नको. ही वही कुठे असते ते आईला सांग – बाबा रागाच्या भरात वस्तू नीट ठेवत नाही, लहानपणापासूनच.

३५. दिवाळीला घरी येशील तेव्हा बाबालाही हेच सगळं विचार: नॉमिनी कोण, पासबुकं कुठे, कुणाला किती देणं-घेणं, मृत्युपत्र केलंय का. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून होतं, स्टँप लागत नाही – हे ऐकलं की निम्म्या माणसांचा टाळाटाळीचा मुद्दा संपतो. तो म्हणेल, 'आत्तापासून काय माझ्या मरणाचं.' त्याला सांग, आत्याने स्वतःचं करून ठेवलंय. आणि विकास सोसायटीच्या सभासद-नोंदीत त्याचा वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते बघ. माझ्या आठवणीप्रमाणे तिथे अजून तुझ्या आजीचंच आहे. ते बदलून वहिनीचं लावून घे. फॉर्म सोसायटीच्या सचिवाकडे मिळतो. बाबाला सोबत ने, सही त्याचीच लागेल.